चौथी हाक

४ नोव्हेंबर, सोमवार

ताईने निघताना ही वही हातात कोंबली आणि बजावलं, की नव्या गावात फोनवर रडत बसू नकोस, वहीत रड. आता इथे रडण्यासारखं काही घडायलाच तयार नाही, त्याला मी काय करू?

जागा मनासारखी मिळाली. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच शाळेचं फाटक. खोकी उघडायच्या आत भिंगरीने दोन्ही खोल्यांत गिरक्या घेऊन मोजमाप केलं. मोठी खोली चौदा गिरक्यांची, लहान नऊ गिरक्यांची. सात वर्षांची झाली तरी जन्मल्यापासून एक क्षण स्वस्थ बसलेली नाही, म्हणून भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरी-दारी कोणी घेत नाही, मीसुद्धा रागावल्याशिवाय घेत नाही. आमचा दोघींचा फोटो तिने स्वतः हट्टाने पलंगासमोर लावून घेतला. जरा तिरका लागलाय. राहू दे.

आणि नोकरी! बारा वर्षं कॅमेरे दुरुस्त केले, मग लोकांनी कॅमेरेच वापरायचे सोडले. दुकान बंद पडलं तेव्हा वाटलं, या हातांचं आता करायचं काय. इथे त्याच हातांना मागणी आहे. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांच्या हरवलेल्या फाइली काढून द्यायच्या. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. साठीचे आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. मुलाखतीत एकही प्रश्न विचारला नाही. तिळाएवढा स्क्रू आणि चिमटा पुढे केला आणि माझे हात बघत बसले. स्क्रू बसला, तसे म्हणाले, उद्यापासून या.

काउंटर वहिनी सांभाळतात. पन्नाशीच्या, तोंडाळ, प्रेमळ. मनगटावर ढगळं पुरुषी घड्याळ, बोलताना सतत घसरतं आणि त्या सतत वर ढकलतात. वर्कशॉप चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर आहे, त्यावर त्यांचा ठरलेला विनोद : खाली डोळे तपासून मिळतात, वर डोळ्यांतलं पाणी पुसून मिळतं. मी सहज विचारलं, तुम्ही वहिनी नक्की कोणाच्या? तर म्हणाल्या, अगं सगळ्यांची, सरकारी वहिनी आहे मी. आणि घड्याळ वर ढकललं.


६ नोव्हेंबर, बुधवार

मशीन वाचत असतं तेव्हा आपल्याला काही काम नसतं. म्हणून वही इथेच आणते आता.

डिस्क उघडली की आत आरसा निघतो. खरंच आरसा : गोल, चकचकीत, आपलं नाक दिसेल असा. त्यावरून एक बारीक हेड तरंगत फिरतं, जुन्या तबकडीच्या सुईसारखं, फक्त टेकायचं नाही. टेकलं की ओरखडा, आणि ओरखड्याखालचं गेलं. हेड मोडलेलं असेल तर डिस्क टक टक टक असं दार ठोठावल्यासारखा आवाज करते. मग त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून हिला बसवायचं. मागच्या कपाटात अशा दीडेकशे मेलेल्या डिस्क आहेत, नावनिशाणीसकट.

मास्तरांचे नियम मोजके. ग्राहकाच्या डिस्कवर काम करायचं नाही, आधी कोऱ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी कॉपी घ्यायची. कोरी डिस्क खोक्यातली, सीलबंद. घरची कधीही नाही. आणि तिसरा नियम हाकांचा. मशीन जिथे वाचू शकत नाही तिथे परत परत प्रयत्न करतं. त्या प्रयत्नाला मास्तर हाक म्हणतात. एका जागेला तीन हाका मारायच्या. तीन हाकांत ओ मिळाली नाही तर तिथे खूण करून पुढे जायचं. स्क्रीनवर एक चौकट असते, त्यात ३ हा आकडा. तो बदलायचा नाही.

मी विचारलं, चौथ्यांदा मारली तर? मला वाटलं सांगतील की पृष्ठभाग खरवडला जातो. ते म्हणाले, चौथ्या हाकेला ओ येते. पण ज्याला हाक मारली तोच ओ देईल असं नाही.

वहिनी काउंटरवरून ओरडल्या, की माणसं तीस हाकांना जागची हलत नाहीत, त्यापेक्षा तुमच्या डिस्क बऱ्या. मी हसले. मास्तर हसले नाहीत.


९ नोव्हेंबर, शनिवार

पहिली डिस्क एकटीने पार पाडली! संशोधन करणारा एक गृहस्थ, चार वर्षांचं काम त्यात अडकलेलं. फाइली उघडताना त्याचे ओठ हलत होते. मास्तर म्हणाले, उघडून बघायचं, पण बघत बसायचं नाही. दुसऱ्याचं घर आहे ते.

अर्धा दिवस शाळा, म्हणून भिंगरी दुपारी वर्कशॉपमध्ये. वहिनींच्या फिरत्या खुर्चीवर बसून तिने डोकं गरगरेपर्यंत चकरा मारल्या आणि त्यात तिचा पुढचा हलणारा दात एकदाचा पडला. रडेल असं वाटलं, तर फटीतून शीळ वाजवून दाखवली. एक सूर, मग फुस्स, मग पुन्हा तोच सूर. वहिनी म्हणाल्या, या पोरीला प्रेशर कुकर म्हणा. मी व्हिडिओ घेतला. त्यात शेवटी ती कॅमेऱ्यापाशी येऊन म्हणते, आयुडे, दात नवीन येईपर्यंत मला रोज आइस्क्रीम लागेल. काही हवं असलं की मी आयुडे, एरवी नुसती आई.

परवापर्यंत जिची भीती वाटत होती ती नवी शाळा आता तिला आवडते. फक्त हजेरीत तिला तिचं खरं नाव ओळखता येत नाही म्हणे, बाई दोनदा पुकारतात तेव्हा कुठे हात वर करते.

(खाली जे गरगर काढलंय ते तिचं आहे. ही भिंगरी आहे आणि काठी पकडलेली ती मी. मला मान नाही.)


१२ नोव्हेंबर, मंगळवार

एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. पिशवीतून लहान मुलीची लोकरीची टोपी काढली, टोपीत डिस्क. घर बदलताना फळीवरून पडली. जोडून बघितली : टक टक टक.

बोलल्या तेही टेबलाकडे बघून. मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. ताप, सहा दिवस. तिचे सगळे व्हिडिओ यात आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत. फोटो आहेत घरी, चेहरा आठवतो. ती काय काय बोलायची तेही पाठ आहे. पण गेल्या महिन्यापासून आवाज आठवत नाही. तिची वाक्यं आता माझ्याच आवाजात ऐकू येतात, म्हणाल्या. तेवढा आवाज काढून द्या.

वहिनींनी पावती लिहिता लिहिता पदर तोंडाशी नेला. मास्तरांनी डिस्क कानाशी धरून हलवली आणि आत काहीतरी सैल वाजलं. होईल तेवढं करू, म्हणाले.

घरी आल्यावर भिंगरीला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, आई, तू मला इस्त्री करतेयस का?


१४ नोव्हेंबर, गुरुवार

मास्तर बहिणीकडे गेलेत, तिचं ऑपरेशन आहे. बुधवारी येतील. जाताना टोपीवाल्या बाईंची डिस्क माझ्यावर सोपवून गेले.

नवीन हेड बसवलं. सव्वा तास श्वास धरून. डिस्क फिरली, टकटक थांबली, वाचायला लागली. मी आणि वहिनी अक्षरशः एकमेकींच्या गळ्यात पडलो.

आणि मग लक्षात आलं, की एवढी मोठी कोरी डिस्क शिल्लक नाही. पुरवठादार म्हणतो सोमवारी. बसवलेलं हेड सोमवारपर्यंत टिकेल याची खात्री कोणी द्यावी? आज वाचतंय, उद्या मान टाकेल. मी घरी जाऊन माझी स्वतःची डिस्क आणली. तिच्यात आमचे फोटो, व्हिडिओ आहेत, पण निम्म्याहून जास्त रिकामी. रिकाम्या भागाचा वेगळा कप्पा केला, मधे भिंत घातली. इकडचं तिकडे जाणं शक्य नाही. नियम मोडला, कबूल. पण नियम करणाऱ्याने खोकंही भरून ठेवावं ना.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शंभरातले चौऱ्याण्णव भाग आले. घराचे कागद, जुनी पत्रं, सहलींचे फोटो, सगळं. आणि मुलीचे व्हिडिओ नेमके ओरखड्याखाली. चारशे बारा जागा. तीन हाका, ओ नाही. तीन हाका, ओ नाही. दिवसभर तेच.

बाई सकाळपासून बाकावर बसून आहेत. विणत असतात. काय विणताय, विचारलं, तर म्हणाल्या, सात वर्षांच्या मापाचा स्वेटर. पाच वर्षांची असताना गेली, आता सात वर्षांची असती.

साडेचारला मी त्यांना सांगायला उठले, की झालं नाही. त्यांनी वर बघितलं आणि मी तशीच मागे फिरले. परत येऊन बसले. चौकटीतला ३ खोडला. ४ लिहिला.

पहिल्याच जागेने ओ दिली.


१८ नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार मशीन चालूच ठेवलं होतं. चारशे बारापैकी तीनशे जागा भरल्या. वहिनी म्हणतात, मास्तरांना सांगायचंच नाही, नुसती शाबासकी घ्यायची.

पहिला व्हिडिओ बाईंसमोर उघडला. पायरीवर पाठमोरी मुलगी. आवाज अगदी स्वच्छ. गुणगुणते, उठते, गिरकी घेते आणि शीळ वाजवते. एक सूर, फुस्स, पुन्हा तोच सूर. बाईंनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. हीच, हीच, म्हणत होत्या. मग जरा थांबून म्हणाल्या, की तिला शीळ यायची हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी विसरले असेन.

मला ती शीळ आवडली नाही. मुलं वाजवतातच शीळ. दात सगळ्यांचेच पडतात. पण पाचव्या वर्षी?

भिंगरीचा घसा कालपासून बसलाय. बसलाय म्हणजे आवाजच नाही, तोंड हलतं फक्त. डॉक्टरांनी घसा बघितला, छाती बघितली, काही नाही म्हणाले. गरम पाणी द्या. ती हाताने खुणा करून हसते.

दुपारी माझ्या डिस्कमधला तिचा दात पडल्याचा व्हिडिओ लावायला गेले. फाइल आहे, आत काही नाही. शून्य. आमच्या कप्प्यातल्या बारा फाइली शून्य. माझी चूक. नाव खराब होईल अशी चूक. मधली भिंत तीनदा तपासली, ती जागच्या जागी आहे. कॉपीने ती ओलांडलेली नाही. मग?

फोनवर तरी असेल म्हणून बघितलं. फोनवर वहिनींची फिरती खुर्ची दिसते. रिकामी. फिरते आहे.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

कोऱ्या डिस्कचं खोकं आलं. काम पुरं झालं होतं, चारशे बाराच्या चारशे बारा. नव्या डिस्कवर उतरवून वहिनींनी बाईंना दिलं. बाई माझा हात सोडेनात. स्वेटर पुरा झाला होता, तो छातीशी धरलेला. जाताना म्हणाल्या, की काल त्या आवाजाला मी उत्तर दिलं आणि तिने मान वळवली. मी त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. दुःखात होतं असं, म्हटलं.

माझ्या डिस्कवरचा त्यांचा कप्पा पुसून टाकला. बरं वाटायला हवं होतं.

घरी येताना कोपऱ्यावर दुकानदाराने भिंगरीच्या डोक्यावरून मला पिशवी दिली. दोन आइस्क्रीम मागितली होती. एकच दिलं. दुसरं कोणाला, विचारलं त्याने. ती माझ्या शेजारी उभी होती. हात माझ्या हातात होता, पण इतका हलका, की मी सारखी खाली बघत होते.

आज तिने एकही गिरकी घेतली नाही.

पलंगासमोरचा फोटो. मी आहे. माझा डावा हात कोणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखा वर धरलेला आहे. खाली खांदा नाही.


२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तिला शाळेच्या फाटकात सोडलं. आत जाईपर्यंत बघत होते. हे लिहून ठेवते. बघत होते.

मास्तर आले. चौकटीतला ४ त्यांनी लांबूनच पाहिला. ओरडले नाहीत. खाली बसले. कोणत्या डिस्कवर, एवढंच विचारलं. माझ्या, म्हटलं. घरच्या.

मग त्यांनी कामाच्या जुन्या नोंदवहीचं एक पान काढून दाखवलं. अकरा वर्षांपूर्वीचं. त्यांचंच अक्षर : चौथी हाक मारली. डिस्क घरची वापरली. भाऊ म्हणाला, चालेल. त्याच्याखाली वहिनींचं अक्षर : कोणाचा भाऊ?

मला भाऊ नाही, मास्तर म्हणाले. मला कधी भाऊ नव्हता. पण मी हिला वहिनी म्हणतो. का, ते मला आठवत नाही. तिलाही आठवत नाही.

वहिनी घड्याळाकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांनी ते वर ढकललं नाही.

रिकामी जागा हाक मारून भरत नाही, म्हणाले. ज्या डिस्कवर लिहिता, तिच्यात जो सर्वांत जवळचा असेल तो ओ देतो आणि जातो. आधी का नाही सांगितलंत, मी किंचाळले. सांगितलं असतं तर खरं मानलं असतंस का, म्हणाले. नसतं मानलं. उपाय एकच, बाईंकडची डिस्क परत आणून पुसायची, आणि तीही आज. उरलंय तेवढं कदाचित राहील. वहीतल्या त्या भावाच्या वेळी फार उशीर झाला होता. काही झालं तरी चौथ्यांदा हाक मारू नकोस, मशीनवरून नाही आणि तोंडानेही नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली.

आधी शाळेत धावले. वर्गात एकतीस मुलं, हजेरीत एकतीस नावं. वर्गातल्या बाईंनी विचारलं, तुम्हाला कोण हवंय?

ताईला फोन केला. ती फार मऊ आवाजात म्हणाली, की तू एकटी राहतेस ना, त्याने होतं असं. मी येऊ का चार दिवस?

एकटी.


२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल बाई घरी नव्हत्या. आज सकाळी सापडल्या. पावतीवरचा पत्ता, दुसरा मजला. दाराबाहेर लहान चपला. निळ्या, डाव्या चपलेचा पट्टा मी शिवलेला. माझा टाका मी ओळखते.

दार साखळीपुरतं उघडलं. बाईंचा चेहरा उजळलेला आणि घाबरलेला. आतून शीळ. एक सूर, फुस्स —

डिस्क मागितली. त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, तिने काल मला आयुडे म्हटलं. माझी मला कधी तसं म्हणायची नाही. मला कळतं सगळं, वेडी नाही मी. पण दोन वर्षं झाली हो. तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा, दारात आलेली मुलगी कोणी परत पाठवते का? मग रडायला लागल्या. म्हणाल्या, तुमची असेल तर हाक मारा. आली तर घेऊन जा. मी अडवणार नाही.

हाक मारली. भिंगरी. आतलं गुणगुणणं थांबलं. पडद्याखाली दोन पावलं दिसली.

भिंगरी. पावलं वळली. माझ्याकडे नाही.

भिंगरी. पावलांनी एक गिरकी घेतली आणि ती आत गेली.

बाई म्हणाल्या, या नावाला ती ओ देत नाही. खरं नाव घेऊन बघा.

खरं नाव.

मी तिथे उभी राहून सगळी अक्षरं आठवत होते. दाखल्यावर आहे. दाखला घरी आहे. पाठ आहे मला, मीच ठेवलं, मीच —

चौथ्यांदा तोंड उघडलं. बाईंनी दार लावलं. फार हळू, मूल झोपलेल्या खोलीचं लावतात तसं.


२१, दुपार

दाखला नाही. जागा आहे, कागद नाही.

या वहीत पहिल्या पानापासून शोधलं. मी तिचं खरं नाव एकदाही लिहिलं नाही. एकदाही. शाळेच्या दाखल्यापुरतं, म्हणे.


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मास्तर परत जाऊन आले. बाईंची जागा रिकामी. शेजारी म्हणतात, पहाटे सामान घेऊन गेल्या. एक बाई आणि मुलगी, हसत हसत. कुठे, कोणाला माहीत नाही.

वहिनी घरी जेवण देऊन गेल्या. डबा एकाच माणसाचा.

लिहून ठेवते, म्हणजे राहील. तुला मुलगी आहे. सात वर्षांची. दात पडलाय, वरचा. गिरक्या घेते. मोठी खोली चौदा गिरक्यांची. डोळे — डोळ्यांचा रंग लिहिला नाही कुठे. केस?

बाराव्या तारखेला तिने काहीतरी विनोद केला होता. इस्त्रीचा. वाचला. मला हसू आलं. कोणाचं तरी मूल हुशार आहे.


२२, दुपारनंतर

नवव्या तारखेखाली कोणीतरी गरगर काढलंय. काठी धरलेली बाई, तिला मान नाही. अक्षर मुलाचं. माझ्या वहीत कोण —

वर वाचलं. बरं. बरं. ती.

पण वाचल्यावर कळतं, आठवत नाही. वाक्यं सगळी आहेत. ती माझ्याच आवाजात ऐकू येतात.


२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळ. लख्ख ऊन. शाळेतून पोरांचा गलका.

ताईचा फोन — उद्या येते. कामाच्या ताणाने होतं. वही वाचू नकोस म्हणाली. वहीत काय आहे, मी कधी सांगितलं तिला?

लहान खोली रिकामी का ठेवलीय मी? नऊ गिरक्यांची —


२३, बारा वाजता

शपथ घेतली होती. कोणापुढे घेतली ते पान सापडलं. मास्तर. चौथ्यांदा नाही, तोंडानेही नाही.

पण तीन झाल्या आहेत. काल. परवा. त्या दारात. अजून एक उरली आहे आणि हे नाव आज आठवतंय. उद्या ते नुसतं खेळण्याचं नाव असेल.

कोणीही ओ दिली तरी मी —

नाही. कोणीही नाही. तीच.


२३

मोठ्या खोलीत उभी राहून मारली. मोठ्याने. भिंगरी.

ओ आली.

लहान खोलीतून. लगेच. जवळच बसलं असावं कोणी, वाट बघत.

आयुडे, म्हणालं.

आवाज तिचा आहे का? मला तिचा आवाज आठवत नाही. कशाशी ताडून बघू? जरा जाड वाटतो. घसा बसला होता तिचा, लिहिलंय इथे. त्यानेच.

शीळ. एक सूर. फुस्स नाही. सूर संपतच नाही, श्वास घ्यायला थांबतच —

मी विसरले असेन.

ये म्हटलं. लिहिते आहे, म्हणजे राहील. पावलं येतात. सावकाश. भिंगरी अशी चालायची नाही, तिच्या गिरक्या — मी विसरले असेन. मुलं वाढतात.

पडदा हलला. चौकटीवर हात दिसतोय. बोटं लहान. बरोबर, लहानच. पण हात चौकटीच्या वरच्या पट्टीवर आहे. सात वर्षांच्या मुलीचा हात तिथपर्यंत कसा पोच